न दिसणारी जखम आणि उतारशाळा

(धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त दिलेलें व्याख्यान)



महोत्सव म्हटला म्हणजे आनंद आलाच. देवळाला रंग देणें, पूर्वजांच्या नांवें मिस्सा अर्पिणें, म्हाताऱ्यांनीं जुन्या आठवणी सांगणें व मुलांनीं त्या ऐकणें, हें सर्व यथायोग्य आहे. परंतु जुन्या करारांत महोत्सवाच्या वर्षाला याहून खोल अर्थ दिलेला आढळतो. लेवीय ग्रंथांतील आज्ञेप्रमाणें पन्नासाव्या वर्षीं शिंग फुंकलें जाई, दास मोकळे होत, आणि जो तो आपल्या कुळाकडे व आपल्या वतनाकडे परत जाई. सुटका आणि स्वगृहीं परतणें हीं महोत्सवाचीं दोन मूळ लक्षणें होत. आज आपल्यांत विकत घेतलेला दास कोणी नाहीं. पण दारूचा, गर्दचा किंवा झोपेच्या गोळ्यांचा दास झालेला कोणीच नाहीं, असें छातीवर हात ठेवून कोण म्हणेल? अशांपैकीं कित्येकांच्या व्यसनाखालीं एक जुनी जखम झांकलेली असते. त्या जखमेविषयीं, आणि जखम व व्यसन या दोहोंवर एकत्र उपचार करणाऱ्या निवासी केंद्रांविषयीं चार शब्द बोलण्याचें आम्हीं योजिलें आहे.

भयंकर प्रसंगांतून वांचलेला मनुष्य पुष्कळदां वरून धडधाकट दिसतो. हाड मोडलेलें नसतें, रक्त वाहत नसतें, म्हणून शेजारी म्हणतात, "देवानें वांचविलें, आतां काय झालें?" पण त्याच्या मनांत तो प्रसंग संपलेला नसतो. रात्रीं तीच स्वप्नें पडतात; दिवसां एखादा आवाज, एखादा वास येतांच सर्व कांहीं पुन्हां डोळ्यांपुढें घडूं लागतें. तो त्या जागा टाळतो, ती माणसें टाळतो, कोणी मागून हांक मारली तरी दचकतो, आणि प्रिय जनांविषयींहि त्याचें मन बधिर होतें. हीं लक्षणें महिन्याहून अधिक टिकलीं व संसारांत आणि कामांत अडथळा करूं लागलीं, म्हणजे वैद्यकशास्त्र त्यांस आघातोत्तर तणावविकार असें नांव देतें. पहिल्या महायुद्धांत तोफांच्या माऱ्याखालून परतलेल्या कित्येक शिपायांवर याच विकारामुळें भित्रेपणाचा ठपका आला. पुढें व्हिएतनामच्या युद्धांतून परतलेल्या सैनिकांची दशा पाहिल्यावर १९८० सालीं अमेरिकेंतील मनोविकारतज्ज्ञांनीं आपल्या अधिकृत ग्रंथांत या विकाराची आजच्या नांवानें नोंद केली. एवढा काळ जी गोष्ट दुर्बळपणा म्हणून गणली गेली, ती रोग म्हणून मान्य होण्यास इतकीं वर्षें लागलीं.

ही जखम केवळ रणांगणावर होते असें कोणी समजूं नये. आपल्या उपनगरांनीं काय काय पाहिलें आहे त्याचें स्मरण करा. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझ येथें एका दिवसांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला आणि माणसें आपल्या डोळ्यांदेखत वाहून गेलीं. ११ जुलै २००६ च्या सायंकाळीं पश्चिम रेल्वेच्या गाड्यांत सात स्फोट झाले. खार, जोगेश्वरी, बोरिवली हीं आपल्या रोजच्या वाटेवरचीं नांवें त्या दिवशीं मृत्यूच्या यादींत आलीं, व १८० हून अधिक माणसें प्राणांस मुकलीं. १३ मार्च २००३ रोजीं मुलुंड स्थानकांत गाडीमध्यें स्फोट झाला. १३ मे २०२४ रोजीं घाटकोपरच्या छेडा नगरांत वादळानें प्रचंड जाहिरातफलक पेट्रोल पंपावर कोसळला व १७ जण मेले. याखेरीज, २०२३ आणि २०२४ या दोन्ही वर्षीं मुंबईच्या लोकलमार्गांवर दोन हजारांहून अधिक माणसें मरण पावलीं. रुळांवरचें शरीर उचलणारे हात कोणाचे तरी असतात. गाडी थांबवितां न आलेला मोटरमनहि कोणाचा तरी पिता वा पुत्र असतो. आणि जीं दुःखें वर्तमानपत्रांत कधींच येत नाहींत, म्हणजे बालपणीं झालेला अत्याचार, पतीचा मार, बंद दारामागचें भय, त्यांची गणना कोण करणार?

येथें एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. असा प्रसंग पाहिलेला प्रत्येक जण आजारी पडत नाहीं. बहुतेकांची जखम आप्तांच्या आधारानें कालांतरानें भरून येते. पण ज्याची भरत नाहीं, तो इतरांहून कमी धैर्याचा किंवा कमी श्रद्धेचा असतो, हा समज निराधार आहे.

आतां व्यसन यांत कसें शिरतें तें पाहूं. ज्याला झोपेचें भय वाटतें त्याला कोणी तरी सांगतें, "थोडी घे, म्हणजे झोंप लागेल." पहिल्या रात्रीं झोंप खरोखरच लागते, आणि हाच सापळा होय. दारू डोळा लावते, परंतु उत्तररात्रीं तीच झोंप मोडते. स्वप्नें परत येतात, सकाळीं जीव अधिकच घाबरा होतो, आणि काल जें प्रमाण पुरलें तें आज पुरत नाहीं. जो औषध म्हणून पीत होता तो आतां न पितां उभाहि राहूं शकत नाहीं. पैसा सरला म्हणजे हलक्या दारूकडे पाय वळतात. २०१५ च्या जून महिन्यांत मालाडच्या मालवणींत विषारी दारूनें शंभरांहून अधिक संसार उघडे पाडले, हें आपण विसरलों नाहीं.

घरच्यांस व्यसन दिसतें, जखम दिसत नाहीं. म्हणून सर्व उपदेश व्यसनाला होतो. शपथा घेवविल्या जातात, यात्रा घडतात, कोणी लग्न लावून देण्याचाहि सल्ला देतो. चार आठवडे बरे जातात. मग पावसाळ्यांत एखाद्या रात्रीं वीज कडाडते आणि सारें पहिल्या पदावर येतें. लोक म्हणतात, "याला लाज नाहीं." वस्तुतः दारू सुटली होती, ज्यासाठीं ती धरली होती तें दुःख तसेंच राहिलें होतें.

पुष्कळ वर्षें वैद्यांचाहि असा नियम होता कीं आधीं व्यसन सोडा, मग मनाच्या जखमेचें पाहूं. रोगी मात्र दोन दारांमध्यें अडके. व्यसनमुक्ति केंद्र म्हणे, हा मनोरुग्ण आहे. मनोविकारतज्ज्ञ म्हणे, हा मद्यपी आहे. आतां हें मत बदललें आहे. दोन्ही रोग एकमेकांस पोसतात, म्हणून दोहोंवर एकाच वेळीं व एकाच मंडळीकडून उपचार व्हावे, असा आजच्या तज्ज्ञांचा कल आहे. सिडनी येथें अशा १०३ रुग्णांची पाहणी होऊन तिचा निष्कर्ष २०१२ सालीं प्रसिद्ध झाला. नेहमींच्या उपचारांस आघातावरील संयुक्त उपचाराची जोड मिळालेल्या रुग्णांच्या आघाताचीं लक्षणें अधिक उतरलीं, आणि जुनी जखम उघडल्यामुळें व्यसन बळावेल ही भीति खरी ठरली नाहीं.

निवासी उपचारांत काय घडतें, हें पुष्कळांस ठाऊक नसतें. पहिले कांहीं दिवस शरीराचे असतात. वर्षानुवर्षें पिणाऱ्यानें दारू एकाएकीं बंद केली तर पहिल्या दोन दिवसांत झटके येऊं शकतात, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून भ्रम, कंप व ताप यांचा असा प्रकोप होऊं शकतो कीं त्यांत प्राणहि जातो. म्हणून घरांत कोंडून दारू तोडविण्याचा प्रयोग कोणीं करूं नये. डॉक्टरांची देखरेख, औषधें व जीवनसत्त्वाचीं इंजेक्शनें हीं तेथें अवश्य असतात. त्यानंतर दिनक्रम लागतो. ठराविक वेळीं उठणें, प्रार्थना वा ध्यान, योगासनें, अंगमेहनतीचें काम, गटांत बसून बोलणें. हें साधेंच दिसतें. परंतु ज्याच्या रात्रीचा व दिवसाचा मेळ मोडला आहे त्याला आज काय होणार हें आधीं कळणें हाच मोठा धीर असतो. मन कांहींसें स्थिर झालें म्हणजे प्रशिक्षित समुपदेशक हळूहळू त्या जुन्या प्रसंगाकडे वळतो. पहिल्याच दिवशीं सर्वांपुढें सर्व सांग, अशी सक्ती जाणता उपचारक करीत नाहीं. पुढें पत्नीला, आईवडिलांना बोलावून त्यांच्याशींहि बोलणें होतें. कारण घरहि आजारी झालेलें असतें.

या कार्यांत आपल्या भूमीला परंपरा आहे, व ती आपल्या दाराशींच आहे. १९८१ सालीं वांद्र्याच्या माउंट कार्मेल देवळाच्या आश्रयानें फादर जो परेरा यांनीं कृपा फाउंडेशनची स्थापना केली. अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या बारा पायऱ्यांना त्यांनीं अय्यंगार-पद्धतीच्या योगाची जोड दिली, वसईस निवासी केंद्र चालविलें, आणि २००९ सालीं भारत सरकारनें त्यांस पद्मश्री देऊन गौरविलें. पुण्यास डॉ. अनिता अवचट व अनिल अवचट यांनीं १९८६ च्या ऑगस्टमध्यें मुक्तांगण उभें केलें, पु. ल. देशपांडे यांचा आधार त्याला लाभला, आणि पसतीस दिवसांच्या त्याच्या निवासी उपचारक्रमानें महाराष्ट्रांतील असंख्य घरांत पुन्हां चूल पेटविली.

ज्या अल्कोहोलिक्स अनॉनिमसचा उल्लेख झाला ती संघटना १९३५ सालीं अमेरिकेंतील अ‍ॅक्रन गांवीं जन्मली. मद्यप्यास बहुतेक रुग्णालयें खाट देण्यास तयार नसतां, १९३९ सालीं तेथील सेंट थॉमस रुग्णालयांत सिस्टर इग्नेशिया या धर्मभगिनीनें त्यांच्यासाठीं दार उघडलें. त्याहून मागें गेलों तर संत योहान ऑफ गॉड दिसतो. हा पूर्वाश्रमींचा शिपाई ग्रॅनाडा नगरांत मनाचा तोल जाऊन वेड्यांत गणला गेला. त्या काळच्या रीतीप्रमाणें त्याला मार देण्यांत आला. बाहेर आल्यावर त्यानें रोग्यांसाठीं स्वतः घर उघडलें व तेथें मायेनें शुश्रूषा केली. संत कमिल्लुस हाहि शिपाईच; पायाला न भरणारी जखम, आणि जुगारांत सर्वस्व घालविलेलें. पुढें तोच रोग्यांचा सेवक झाला. जखम आणि व्यसन एकत्र वाहणाऱ्यांतूनच ख्रिस्तसभेला रुग्णसेवेचे आश्रयदाते लाभले, हें आपण ध्यानीं धरावें.

आतां सावधगिरीचे दोन शब्द. केंद्र म्हणून पाटी लावलेली प्रत्येक जागा केंद्र नसते. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याप्रमाणें दारू व मादक द्रव्यांमुळें झालेले मानसिक विकार मानसिक आजारांत मोडतात. त्यांच्यावर उपचार करणाऱ्या संस्थेस नोंदणी आवश्यक आहे, आणि रुग्णास सांखळीनें बांधण्यास सक्त मनाई आहे. म्हणून नोंदणी पहा, मनोविकारतज्ज्ञ येतात काय हें विचारा, आघाताच्या उपचाराचें शिक्षण घेतलेला कोणी आहे काय हें विचारा, आणि जेथें मारण्याला शिस्त म्हणतात तेथून परत फिरा. कोठें जावें हें सुचत नसल्यास टेली-मानसच्या १४४१६ या, किंवा व्यसनमुक्तीसाठीं १४४४६ या सरकारी क्रमांकावर विचारतां येतें. २०१९ सालीं प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीप्रमाणें दारूच्या आहारीं गेलेल्या ३८ जणांपैकीं एकालाच कांहीं उपचार मिळतो, आणि रुग्णालयांत राहून उपचार १८० पैकीं एकाला. उरलेले आपापल्या घरांत झिजतात, आणि त्यांच्याबरोबर त्यांचीं मुलेंबाळेंहि.

शेवटीं धर्मग्रामाच्या कर्तव्याकडे वळूं. दयाळू शोमरोन्याची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकत आलों आहों. त्यानें जखमांवर तेल व द्राक्षारस ओतला, हें सर्वांस आठवतें. पुढचा भाग आपण भरभर वाचतों. त्या मनुष्याला त्यानें रस्त्यावर सोडलें नाहीं. उतारशाळेंत नेलें, रात्रभर संभाळलें, आणि दुसरे दिवशीं दोन दिनार देऊन, अधिक खर्च झाल्यास परत येतांना भागवीन, असें उतारशाळेच्या धन्याला सांगितलें. निवासी उपचाराचा सारा विचार त्यांत आला आहे. मलमपट्टीला घटका पुरते. बरें होण्यास जागा, वेळ, पैसा आणि परत येऊन विचारपूस करणारा मनुष्य लागतो.

तेव्हां आमची सूचना अशी आहे. महोत्सवाच्या निधीचा एक भाग अशा कुटुंबांसाठीं राखून ठेवावा. कर्ता पुरुष वा घरची स्त्री उपचारासाठीं दोन-तीन महिने दूर राहिली, तर त्या काळांत घरभाडें, मुलांची फी आणि शिधा यांची काळजी या निधीनें वहावी. पुष्कळ जण "घर कोण चालवील?" या एकाच प्रश्नापायीं दारांतून परत फिरतात. हा निधी गुप्तपणें दिला जावा. घेणाऱ्याचें नांव कोणत्याहि फलकावर येऊं नये.

दुसरी गोष्ट पैशाविना होण्यासारखी आहे. केंद्रांतून परतलेल्या बंधूला लग्नांत, बारशांत, सणांत "आज एक घोट चालेल" असें म्हणूं नका. त्याच्या हातीं सरबताचा पेला न मागतां द्या. जी बहीण परत येईल तिच्याविषयीं कुजबुज करूं नका. तिची वाट पुरुषाहून दुप्पट कठीण असते. कोणाला मिस्सेंत कपाची भीति वाटली तर त्याला सांगा कीं केवळ पवित्र भाकरीच्या रूपांतहि ख्रिस्त संपूर्ण लाभतो. आणि तो पुन्हां घसरला, तर त्याला उतारशाळेकडे पुन्हां नेण्याची तयारी ठेवा. शोमरोन्यानें परत येण्याचें वचन दिलें होतें. धर्मग्रामानें त्याहून कमी देऊं नये.

पुढील महोत्सव साजरा करणारे लोक आपण बांधलेलें मनोरे पाहतील तर पाहतील. परंतु या वर्षीं एखादा बाप शुद्धींत घरीं परतला, आणि त्याच्या मुलानें दाराची कडी निर्भयपणें काढली, तर पन्नासाव्या वर्षाची आज्ञा आपण पाळली असें म्हणतां येईल. परमेश्वर आपणां सर्वांस तशी बुद्धि व तसें सामर्थ्य देवो, अशी प्रार्थना करून आम्ही आपली रजा घेतों.