वायफाय रुसलं तर विचारायचे तीन प्रश्न

स्वयंपाक करता करता, गोठ्यात, शिवणयंत्रावर, जिथे असाल तिथे कान इकडे द्या. आजचा विषय आहे घरातलं वायफाय आणि ते बंद पडलं की काय करायचं.

तुम्ही म्हणाल, हा काय बायकांचा विषय? तर मग मला सांगा, गटाच्या बैठकीची माहिती मोबाइलवर कोण भरतं? पापड-लोणच्याची ऑर्डर कोणाच्या फोनवर येते? लेकीचा शिष्यवृत्तीचा अर्ज शेवटच्या तारखेला रात्री अकरा वाजता कोण भरत बसतं? आपणच ना? काम आपलं, पण नेट गेलं की आपण हात बांधून बसतो. मुलगा कॉलेजातून येईल, मग बघेल. नाहीतर माणूस बोलवायचा. तो येतो, डबा बंद करून परत चालू करतो आणि दोनशे-तीनशे रुपये घेऊन जातो. कधी कधी चांगला डबा ‘जळालाय’ म्हणून नवा गळ्यात मारतो. शेगडीची ज्योत पिवळी झाली की आपण बर्नर साफ करतो, त्यासाठी कोणाला बोलवत नाही. वायफायचंही तसंच आहे.

आधी साखळी समजून घेऊ. बाहेरून फायबरची बारीक तार घरात येते. तिच्यात केसासारखी काच असते आणि त्या काचेतून प्रकाश धावतो. ती तार एका डब्यात जाते. तो डबा प्रकाशातून आलेलं नेट आपल्या फोनला समजेल असं करतो. मग ते अँटेनातून हवेत सोडलं जातं, ते वायफाय. बऱ्याच घरांत ही दोन्ही कामं एकच डबा करतो, काही घरांत दोन वेगळे डबे असतात. म्हणजे नेट आणि वायफाय या दोन गोष्टी आहेत. नळाला पाणी नाही आणि नळाची तोटी बिघडली, यात जेवढा फरक, तेवढाच इथे. फोनवर वायफायची खूण पूर्ण दिसते आणि तरी काही उघडत नाही, तेव्हा तोटी ठीक असते, पाणी मागूनच बंद असतं.

आता तीन प्रश्न लक्षात ठेवा. कोणाचं? कुठं? कधी?

पहिला प्रश्न : कोणाचं बंद आहे? एकीचाच फोन अडलाय की घरातले सगळे? हे बघताना फोनचा मोबाइल डेटा बंद करा, नाहीतर डेट्यावर चालेल आणि तुम्हाला वाटेल वायफाय सुरू आहे. एकच फोन अडला असेल, तर डब्याला हात लावायचा नाही. त्या फोनमधलं वायफाय बंद करून चालू करा. नाही जमलं, तर वायफायच्या नावावर जाऊन ते नेटवर्क ‘विसरा’ म्हणा आणि पासवर्ड नव्याने टाका. फोनची तारीख-वेळ बरोबर आहे ना, तेही बघा. तारीख चुकली की बँकेची आणि सरकारी पानं उघडत नाहीत आणि बोल मात्र नेटला लागतात.

सगळ्यांचंच बंद असेल, तर आधी एक साधी गोष्ट तपासा : रिचार्ज संपलाय का? डब्याचे दिवे हिरवेगार आणि नेट नाही, याचं कारण पुष्कळदा एवढंच असतं.

मग दिवे वाचा. पॉवरचा दिवाच नसेल, तर प्लग आणि अडॅप्टर बघा. पॉन नावाचा दिवा स्थिर हिरवा असेल, तर बाहेरची तार ठीक आहे. तो लुकलुकत असेल, तर डबा कंपनीच्या यंत्राशी जुळायचा प्रयत्न करतोय, पाच मिनिटं थांबा. आणि लॉस नावाचा लाल दिवा लागला असेल, तर डब्यापर्यंत प्रकाशच पोचत नाही. तार कुठे तरी तुटली आहे किंवा दुमडली आहे. उंदराने कुरतडली का, दारात चेपली का, कपडे वाळत घालायला कोणी ती ओढली का, ते बघा. काचेची तार कोपऱ्यात घट्ट मुडपायची नाही, बांगडीएवढा तरी गोल वळसा हवा. आणि तुटलेल्या टोकात डोळा लावून बघायचं नाही. तो प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, पण इजा करू शकतो. लाल दिवा म्हणजे कंपनीला फोन. तिथे आपला इलाज नाही आणि घरी येणाऱ्या दुरुस्तीवाल्याचाही नाही, म्हणून त्याला पैसे देऊ नका.

दिवे ठीक आहेत, रिचार्ज आहे आणि तरी नेट नाही, तर डबा बंद करा. अर्धा मिनिट थांबा आणि चालू करा. दोन डबे असतील, तर दोन्ही बंद करायचे. आधी फायबरचा चालू करायचा, त्याचे दिवे स्थिर झाले की मग वायफायचा. एक मात्र सांगून ठेवते. डब्याच्या मागे बारीक भोक असतं, त्यात पिन घालून दहा सेकंद दाबलं की डबा कोरा होतो. कंपनीने भरलेली माहितीही पुसली जाते आणि मग माणूस येईपर्यंत काही चालत नाही. पोरांना ते भोक खुणावतं, त्यांना बजावून ठेवा. बटण बंद-चालू करणं वेगळं आणि पिन दाबणं वेगळं.

दुसरा प्रश्न : कुठं चालत नाही? फोन घेऊन डब्याशेजारी उभ्या राहा. तिथे छान चालतं आणि माजघरात चालत नाही, तर बिघाड नाही, रेंजचा प्रश्न आहे. वायफाय म्हणजे रेडिओच्याच लहरी. आत्ता तुम्ही मला ऐकताय त्याच जातीच्या, पण फार कमी ताकदीच्या. विटांच्या एक-दोन भिंती त्या पार करतात. जुन्या वाड्याची दोन फुटी दगडामातीची भिंत आली की दमतात. पत्रा आला की परतच फिरतात. पत्र्याची शेड, लोखंडी कपाट, धान्याच्या पत्र्याच्या कोठ्या, फ्रिज, पाण्याची टाकी, हे सगळे त्यांच्या वाटेतले अडथळे.

आणि आपण डबा ठेवतो कुठे? टीव्हीच्या मागे, कपाटावर सामानात, नाहीतर धूळ बसते म्हणून रुमालाखाली. तो डबा घराच्या मध्याकडे, डोक्याएवढ्या उंचीवर, मोकळ्या जागी हवा. एवढ्यानेच पुष्कळ घरांची तक्रार मिटते, पैसा लागत नाही.

काही डबे दोन नावं दाखवतात, एकाच्या शेवटी ‘५जी’ असतं. ते मोबाइलचं फाइव्ह-जी नव्हे. ती ५ गिगाहर्ट्‌झची लहर आहे, वेगवान पण भिंतीला लवकर हरणारी. दुसरी २.४ गिगाहर्ट्‌झची, जरा सावकाश पण लांब जाणारी. डब्याच्या खोलीत पहिली वापरा, मागच्या खोलीत दुसरी.

आता समजा गटाचं पॅकिंग मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये चालतं आणि तिथे पैसे घ्यायला नेट हवंय. दुकानदार रिपीटर देतो. रिपीटर म्हणजे ऐकलेलं पुढे सांगणारा. तो शेडमध्ये ठेवला, जिथे काही ऐकूच येत नाही, तर पुढे सांगणार काय? तो अर्ध्या वाटेवर, जिथे फोनला चांगली रेंज आहे तिथे, खिडकीत ठेवायचा. तरीही वेग साधारण निम्मा होतो, कारण बहुतेक स्वस्त रिपीटर एकाच तोंडाने ऐकतात आणि बोलतात.

त्याहून पक्का उपाय म्हणजे पहिल्या डब्यापासून वायर ओढून दुसरा डबा लावायचा. त्याला ॲक्सेस पॉइंट म्हणतात. वायरीतून आलेलं नेट तो हवेत सोडतो. ही तांब्याची वायर एका सलग तुकड्यात १०० मीटरपर्यंतच नीट चालते. घरातला जुना चालू राउटरही या कामी येतो. पण इथेच पुष्कळांची फसगत होते. दुसरा डबा जोडला आणि पहिलंही बिघडलं, असं ऐकू येतं. त्याचं कारण ऐका.

राउटर घरातल्या प्रत्येक फोनला एक नंबर देतो, ग्रामपंचायत घरांना देते तसा. या नंबर वाटण्याच्या कामाला डीएचसीपी म्हणतात. एकाच गावात दोघं जण घरांना नंबर देऊ लागले, तर दोन घरांवर एकच नंबर पडेल आणि पत्र भलत्याच दारी जाईल. घरातही तेच होतं. फोन ‘जोडलं आहे’ म्हणतो, पण नेट नाही. थोड्या वेळाने चालतं, परत बंद. म्हणून जुना राउटर दुसरा डबा म्हणून लावताना चार गोष्टी करून घ्या. एक, त्याचं डीएचसीपी बंद. दोन, त्याचा स्वतःचा पत्ता पहिल्यापेक्षा वेगळा, आणि पहिला डबा फोनना वाटतो त्या नंबरांच्या बाहेरचा. बरेच डबे मुळात १९२.१६८.१.१ हाच पत्ता घेऊन येतात आणि भांडण तिथेच सुरू होतं. तीन, पहिल्याकडून आलेली वायर दुसऱ्याच्या लॅन भोकात घालायची, वेगळ्या रंगाच्या वॅन भोकात नाही. चार, २.४च्या लहरीवर दोघांचे चॅनेल वेगळे. १, ६ आणि ११ हे तीन चॅनेल एकमेकांत घुसत नाहीत. पहिल्याला १ दिला तर दुसऱ्याला ६ द्या. नाव आणि पासवर्ड मात्र दोघांचे एकच ठेवा, म्हणजे चालता चालता फोन आपोआप जवळचा डबा धरतो. काही राउटरमध्ये ‘ॲक्सेस पॉइंट मोड’ असा पर्याय असतो. तो निवडला की डीएचसीपी आपोआप बंद होतं. वायर कुठे घालायची, ते मग त्या डब्याच्या माहितीपत्रकात बघा. हे सगळं स्वतः केलं नाही तरी चालेल, पण करणाऱ्याला विचारा, “दादा, डीएचसीपी बंद केलं का?” एवढा प्रश्न विचारला की तोही नीट काम करतो.

तिसरा प्रश्न : कधी बंद पडतं? रोज संध्याकाळी सातनंतर रडत असेल, तर दोन शक्यता. घरात चार फोन आणि टीव्ही एकदम सुरू असतील, किंवा गावातच त्या वेळी वापर वाढत असेल. टीव्ही दहा मिनिटं बंद करून बघा, उत्तर मिळेल. लाइट गेल्यावर आणि आल्यावर बंद पडत असेल, तर डबा नव्याने सुरू होतोय. त्याला दोन ते पाच मिनिटं लागतात. तेवढ्यात ओटीपी निसटतो, म्हणून डब्यासाठीचा छोटा यूपीएस घ्यावा. घेताना डब्याच्या मागचा आकडा बघा. बहुतेक १२ व्होल्ट असतात, पण सगळे नाही. दुसऱ्याच वस्तूचा अडॅप्टर पिन बसली म्हणून लावू नका. व्होल्ट तेवढेच हवेत आणि अँपिअर तेवढे किंवा जास्त. अडॅप्टर कमजोर झाला की डबा मधेच बंद-चालू होतो, त्यासाठी अख्खा डबा बदलायची गरज नसते. आणि वळवाच्या दिवसांत ढग गडगडू लागायच्या आधीच प्लग काढून ठेवा. दोन घरांच्या मध्ये उघड्यावरून तांब्याची वायर नेली असेल, तर तीही काढा. विजेला ती वाट सापडली की दोन्हीकडचे डबे जातात.

शेवटी जपायची गोष्ट. ‘वायफाय कंपनीतून बोलतोय, दुरुस्तीसाठी हे ॲप घ्या, आलेला नंबर सांगा,’ असा फोन आला तर ठेवून द्या. ॲप घेतलं की तुमचा पडदा त्याला दिसतो आणि गटाचं खातं रिकामं होऊ शकतं. आपण तक्रार केली असेल तरी आपणच बिलावरच्या नंबरला उलट फोन करायचा. डब्याचा मूळ पासवर्ड मागच्या चिकटपट्टीवर असतो, तो बदलून लांब ठेवा आणि वहीत लिहा.

वही म्हणाले, तर गटाच्या वहीत एक पान याचंही करा. ग्राहक क्रमांक, तक्रारीचा नंबर, रिचार्जची तारीख आणि सगळं ठीक असताना कुठले दिवे कोणत्या रंगाचे असतात, ते. हे आजच, नेट चालू असतानाच लिहा. पुढे कंपनीला फोन कराल तेव्हा ‘नेट नाही हो’ एवढंच म्हणू नका. म्हणा, “सगळ्या फोनवर बंद आहे, सकाळी नऊपासून, लॉसचा दिवा लाल आहे.” आणि तक्रार क्रमांक घेतल्याशिवाय फोन ठेवू नका. असं बोलणाऱ्या बाईला कोणी ‘घरात कोणी पुरुष आहे का, त्यांना द्या’ म्हणत नाही. आणि म्हणालाच, तर सांगा, “मीच बोलतेय, मलाच सांगा.”

येत्या बैठकीत प्रत्येकीने आपल्या डब्याचे दिवे बघून यायचं आणि एकमेकींना सांगायचं.