गाणे शेवटच्या कडव्यापर्यंत ऐका

(विहाराच्या वर्धापनदिनी जयंतीच्या नव्या गीतांची ओळख करून देताना आमच्या गायन पार्टीने केलेले भाषण)



समितीने आम्हाला गायला बोलावले आणि वर सांगितले की, गाण्याआधी पंधरा मिनिटे बोला. गाणाऱ्याला बोला म्हटले की तो पेटीकडेच बघतो. तरीपण बोलण्यासारखे आमच्याकडे काही आहे, म्हणून उभे राहिलो. यंदाच्या जयंतीसाठी आम्ही सहा नवी गीते तयार केली आहेत. ती आपण ऐकावीत, घरी न्यावीत, हे तर आम्ही सांगणारच. पण ती कोणी कोणी मिळून केली, तेही ऐकून घ्यावे अशी आमची विनंती आहे. साथीदारांची नावे निवेदकांनी आत्ताच पुकारली आणि स्मरणिकेच्या शेवटच्या पानावर ती छापलीही आहेत. आम्ही त्यांची कामे सांगतो.

आमच्या पार्टीला कंपनी नाही, कोणी मालक नाही. एक जण रिक्षा चालवतो, एक नगरपालिकेत सफाई खात्यात आहे, कोरसमधल्या ताई बालवाडीत शिकवतात. वर्षभर पोटाचा धंदा आणि सणावाराला गाणे. आपले सणवार तरी किती आहेत बघा. ३ जानेवारीला सावित्रीमाई, ७ फेब्रुवारीला रमाई, २० मार्चला महाडचा सत्याग्रह, ११ एप्रिलला जोतिबा, १४ एप्रिलला भीमजयंती, मग वैशाख पौर्णिमा, पुढे वर्षावास, धम्मचक्र प्रवर्तन दिन आणि ६ डिसेंबर. या प्रत्येक दिवसाला गाणे लागते, आणि प्रत्येक दिवसाचे गाणे वेगळे असते. ६ डिसेंबरला १४ एप्रिलची चाल चालत नाही, हे आपल्या वस्तीतल्या लहान पोरालाही कळते.

ही गाणी वरून पडलेली नाहीत. बाबासाहेबांच्या हयातीतच नाशिकचे भीमराव कर्डक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सत्यशोधक जलशांची वाट पुढे नेत आंबेडकरी जलसे उभे केले. ज्या माणसाला वर्तमानपत्र वाचता येत नव्हते, त्याला जलशाने चळवळ समजावली. १४ ऑक्टोबर १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर जलशांच्या जागी हळूहळू गायन पार्ट्या आल्या. पेटी, ढोलकी, बेंजो, समोरासमोर दोन पार्ट्या आणि रात्रभर सामना. वामनदादा कर्डक, श्रावण यशवंते, विठ्ठल उमप, प्रल्हाद शिंदे यांचे आवाज आपल्या आईवडिलांनी रात्र रात्र जागून ऐकले.

त्यातले वामनदादा बघा. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचा, १५ ऑगस्ट १९२२ ला जन्मलेला हा माणूस लहानपणी शाळेत शिकलेला नव्हता. मोठेपणी अक्षरे शिकला आणि १५ मे २००४ रोजी जाईपर्यंत गीते लिहीत राहिला. त्यांच्या गीताच्या शेवटच्या कडव्यात बहुतेक वेळा 'वामन' हे नाव येते. त्यांच्या एका संग्रहाचे नावच 'हे गीत वामनाचे' असे आहे. ही रीत जुनी. तुकोबा, नामदेव, चोखोबा या सर्वांनी अभंगाच्या शेवटी आपले नाव गुंफले. कागद हरवेल, छापणारा नाव गाळेल, पण गाणे शेवटपर्यंत गायले तर नाव टिकेल, अशी ती सोय होती. ज्यांच्या हातात छापखाना नव्हता त्यांनी आपली सही गाण्यातच करून ठेवली.

आणि नेमके तेच शेवटचे कडवे आता गळत चालले आहे.

हे का झाले ते समजून घ्या. जुन्या तबकडीच्या एका बाजूला साधारण साडेतीन मिनिटांचे गाणे मावायचे, तेव्हाच कडवी कमी झाली. मग कॅसेट आली. साठ मिनिटांच्या कॅसेटला एका बाजूला तीस मिनिटे. त्यात पाच-सहा गाणी बसवायची तर प्रत्येक गाण्याचे एखादे कडवे जायचे. पुढे सन २००० मध्ये ध्वनिप्रदूषणाचे नियम आले. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर भोंगा बंद. सरकारने सूट दिलेल्या मोजक्या दिवशी १२ पर्यंत. नियम चांगलाच आहे, वस्तीत आजारी माणसे असतात, परीक्षेची पोरे असतात. पण रात्रभराचा सामना त्याने संपला. दहाच्या आत पाहुण्यांचे सत्कार, पुढाऱ्यांची भाषणे आणि मग गाणी. निवेदक चिठ्ठी पाठवतो, 'आटपा'. आटपायचे म्हणजे काय, शेवटचे कडवे सोडायचे. आणि आता मोबाईलवर अर्ध्या मिनिटाचा तुकडा फिरतो. त्यात फक्त ध्रुवपद असते. मिरवणुकीत डीजेवर तर ध्रुवपदही धड नसते, नुसता दणका.

गाणारा तरी चित्रात दिसतो. कवी दिसत नाही, चाल लावणारा दिसत नाही, झील धरणाऱ्या बाया दिसत नाहीत.

आमच्या पार्टीला हे फार जवळून बघायला मिळाले. कॅसेटच्या काळात एका कंपनीने आमची आठ गाणी घेतली. एकरकमी थोडे पैसे दिले. कॅसेट आली तेव्हा वरच्या कागदावर गायकाचे नाव मोठे, आणि कवीच्या जागी छापलेले 'पारंपरिक'. अहो, कवी आमच्या शेजारी बसून चहा पीत होते! बाबांनी तो कागद उलटापालटा करून बघितला आणि म्हणाले, "म्हणजे आम्ही जिवंतपणीच पूर्वज झालो." सगळे हसलो, पण नंतर कोणाला घास गेला नाही. बाबा गेले. त्यांचे एक गाणे आजही जयंतीला गावोगावी वाजते आणि त्यांची मुलगी ते रस्त्यावरून जाताना ऐकते. हे माझ्या बापाचे, असे म्हटले तर लोक म्हणतात, दाखवा कुठे लिहिलेय. एकच पुरावा आहे, शेवटचे कडवे. म्हणून आम्ही ते गाणे गातो तेव्हा ते कडवे दोनदा गातो. चिठ्ठी आली तरी गातो.

इथे जे तरुण गीते लिहितात त्यांच्यासाठी कायद्याचे दोन शब्द. बाबासाहेबांची लेकरे आपण, कायदा माहीत असायला हवा. कॉपीराइटचा कायदा १९५७ चा आहे. गाणे लिहिताक्षणी ते तुमचे होते. नोंदणी केलीच पाहिजे असे नाही. कवीच्या मृत्यूनंतर पुढच्या वर्षापासून ६० वर्षे हक्क वारसांकडे किंवा ज्याला तो दिला त्याच्याकडे राहतो. वामनदादा २००४ साली गेले, म्हणजे त्यांच्या गीतांवरचा हक्क २०६४ अखेर शिल्लक आहे. आणि सर्वांत महत्त्वाचे, कलम ५७. गाण्याचा हक्क पैसे घेऊन विकला तरी 'हे मी लिहिले' असे सांगण्याचा हक्क विकला जात नाही, तो कवीचाच. २०१२ च्या दुरुस्तीने गाणाऱ्या-वाजवणाऱ्यालाही आपले नाव सांगण्याचा हक्क दिला आणि कवी-संगीतकारांचा रॉयल्टीतला वाटा पक्का केला. तेव्हा लिहिलेल्या प्रत्येक गाण्याखाली तारीख टाका, सही करा, एक प्रत घरी ठेवा. कागदावर सही करण्याआधी तो कागद शिकलेल्या माणसाकडून वाचून घ्या.

आता आमच्या सहा गीतांकडे येतो.

पहिला आहे पाळणा, १४ एप्रिलच्या सकाळी विहारात बायांनी म्हणण्यासाठी. तो रचला पलीकडच्या वस्तीतल्या एका मावशीने. त्या बांधकामावर मजुरीला जातात. त्यांना लिहिता येत नाही; विटा वाहताना ओळी जुळवतात आणि संध्याकाळी सातवीतली नात लिहून घेते. आम्ही चाल बसवली आणि ढोलकीवाल्या मामांना म्हटले, धरा ठेका. मामांनी दोनदा ऐकले आणि ढोलकी खाली ठेवली. म्हणाले, "लेकरू झोपवायचंय ना? मग मी कशाला?" चाळीस वर्षे ढोलकी वाजवणारा माणूस ढोलकी नको म्हणतो, याला साथ म्हणतात. त्या पाळण्यात फक्त एकतारी आहे आणि ताईंचा आवाज. तरीही मामांचे नाव त्या गीताखाली आहे, कारण ती शांतता त्यांनी दिली.

दुसरा महाडचा पोवाडा. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब मंडपातून निघून चवदार तळ्यापर्यंत गेले, ते पाणी प्याले आणि पाठोपाठ हजारो माणसे प्याली, ते सगळे त्यात आहे. एका शिक्षकबंधूंनी लिहिला. डफ आणि तुणतुणे जुन्या पद्धतीचे. पोवाडा अकरा मिनिटांचा आहे. स्टुडिओवाला म्हणाला, पाचात बसवा, आजकाल कोणी ऐकत नाही. आम्ही म्हटले, तळ्यापर्यंत चालत जायला वेळ लागतो, मधेच कसे थांबायचे? पोवाडा अकरा मिनिटांचाच राहिला.

तिसरी रमाईची कव्वाली. दापोलीजवळच्या वणंद गावात ७ फेब्रुवारी १८९८ ला जन्मलेली आणि २७ मे १९३५ ला राजगृहात डोळे मिटलेली ही माउली अवघी सदतीस वर्षे जगली. त्यात बेंजो वाजवला आहे शेजारच्या मोहल्ल्यातल्या चाचांनी. रोजे चालू होते, तरी दिवसभर उपाशीपोटी स्टुडिओत बसले. रोजा सोडायची वेळ झाली तेव्हा ताईंनी खजूर पुढे केले. त्यांचे वडीलही आपल्या कव्वालांना साथ करायचे.

चौथे वैशाख पौर्णिमेचे संथ गीत, बासरीवर. गायले आहे कॉलेजात जाणाऱ्या आमच्या पोराने. पाचवे बालगीत, वाचनालयात जाणाऱ्या मुलांचे. ते आत्ता ही समोरची मंडळीच म्हणतील. सहावे १४ ऑक्टोबरचे, पांढरी वस्त्रे नेसून नागपूरला गेलेल्या आयाबायांचे. ते पूर्ण महिला मंडळाने गायले आहे आणि त्यात एकही मुख्य गायिका नाही, सगळ्याच मुख्य.

बाहेर चपला ठेवायच्या जागेशेजारी टेबल आहे. तिथे वीस रुपयांत गीतांची पुस्तिका मिळेल आणि मोबाईलवर गाणी भरूनही मिळतील. जे पैसे जमतील त्याचे समान वाटे होतील. गायकाला जेवढा वाटा तेवढाच झील धरणाऱ्या ताईंना. आमच्याखेरीज आणखी तीन पार्ट्यांच्या पुस्तिका टेबलावर ठेवल्या आहेत, त्याही बघा. त्यांच्यातली एक पार्टी तर आमच्यापेक्षा बरी गाते. पण हे त्यांना सांगू नका.

आमचेच गाणे ऐका, असे आम्ही म्हणत नाही. छत्रपती संभाजीनगरच्या कडूबाई खरात हातात एकतारी घेऊन गातात आणि मोबाईलवरून घराघरांत पोहोचल्या. म्हणजे मोबाईल हा वैरी नाही. गाणे पुढे पाठवताना पूर्ण पाठवा आणि खाली कवीचे नाव लिहा, एवढेच.

जयंती मंडळाच्या तरुणांना चार गोष्टी हात जोडून सांगतो. एक, डीजेला जेवढे पैसे देता त्याच्यातले थोडे बाजूला काढून एक संध्याकाळ गायन पार्टीला द्या. दोन, बिदागी आधी ठरवा आणि कार्यक्रम संपल्यावर त्याच रात्री द्या. ढोलकीवाल्याला दुसऱ्या दिवशी कामावर जायचे असते, तो वर्गणी जमेपर्यंत फेऱ्या घालू शकत नाही. तीन, फ्लेक्सवर पाहुण्यांचे वीस फोटो असतात, त्यात एक ओळ साथीदारांच्या नावांची घाला. चार, 'आटपा'ची चिठ्ठी पाठवायचीच असेल तर सत्काराच्या वेळी पाठवा.

आणि माता-भगिनींनो, आपल्या घरात आजी-पणजीने रचलेल्या ओव्या, पाळणे असतील. त्या आज रात्रीच वहीत उतरवून ठेवा आणि खाली तिचे नाव लिहा. नुसते 'आजी' लिहू नका, पूर्ण नाव लिहा.

भाषण लांबले. मामा ढोलकीच्या कड्या ओढायला लागलेत, म्हणजे आम्हालाच चिठ्ठी आली. आता पाळणा घेतो. मावशी तिसऱ्या रांगेत बसल्या आहेत; शेवटच्या कडव्यात त्यांचे नाव येईल, तेव्हा ते आपणही आमच्याबरोबर मोठ्याने म्हणा.

जय भीम! नमो बुद्धाय!