लामूला जायचे तर
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



यंदाच्या सहलीचा जो कागद आपल्या हाती दिला आहे, त्यात केनियातील सिंहदर्शनाचे पाच दिवस आहेत आणि अगदी तळाशी ‘लामू – एक दिवस’ असे छापले आहे. मी जाऊबाईंबरोबर तेथे राहून आले, म्हणून मला बोलायला उभे केले. तेव्हा आधी भांडूनच घेते. लामूला एक दिवस जाणे म्हणजे हळदीकुंकवाला जाऊन उंबऱ्यावरूनच वाण घेऊन परतणे!

लामू हे केनियाच्या उत्तर किनाऱ्यालगतचे बेट. तेथील स्वाहिली लोकांचे जुने गाव सातशेहून अधिक वर्षे सलग नांदते आहे. २००१ साली त्याचा जागतिक वारशात समावेश झाला. गल्ल्या इतक्या अरुंद, की समोरून ओझ्याचे गाढव आले तर आपण भिंतीला चिकटायचे. गावात मोटारी नाहीतच म्हटले तरी चालेल. गाढवांसाठी मात्र १९८७ पासून मोफत दवाखाना आहे.

घरे प्रवाळाच्या दगडाची आणि चुन्याची. छताला तिवराचे वासे. वासा जेवढा लांब तेवढीच खोली रुंद, म्हणून दालने लांबच लांब पण रुंदीला जेमतेम नऊ-दहा फूट. दाराशी दगडी ओटा; त्याला ते ‘बराझा’ म्हणतात. आणि आतल्या भिंतीत कोनाडे, एकावर एक, नक्षीचे! अठराव्या शतकातले एक घर पाहण्यासाठी ठेवले आहे. तेथे जाऊबाई फोटोमागून फोटो काढीत होत्या. मग वाटाड्याने सांगितले, की हे वैभव मुख्य भूमीवर गुलामांकडून करून घेतलेल्या शेतीवरही उभे होते आणि ती गुलामगिरी कायद्याने गेली ती १९०७ साली. बाईंनी कॅमेरा पिशवीत ठेवला तो त्या दिवशी पुन्हा काढला नाही.

आता आमची फजिती सांगते, कारण आपला बेत तिच्यावरच ठरणार आहे. जाऊबाईंनी निघण्यापूर्वी महिनाभर पुस्तकावरून स्वाहिली आकडे पाठ केले होते. समोरच्या मांडा बेटावर ताकवा नावाचे जुने, ओसाड गाव आहे. तेथे तिवरांमधल्या खाडीतून जावे लागते, तेही भरतीच्या वेळीच. होडीवाल्याला बाईंनी ऐटीत त्याच्या भाषेत वेळ विचारली. तो म्हणाला, “सा न्ने.” न्ने म्हणजे चार. आम्ही दुपारी झोप काढून चारला धक्क्यावर हजर! होडी सकाळी दहालाच भरतीबरोबर निघून गेली होती. तेथे तास सूर्योदयापासून मोजतात. सातला एक, आठला दोन, दहाला चार. आपल्या पणज्या घटका मोजीत तशाच की! होडीवाला हसला नाही, पण जाऊबाईंनी इंग्रजीत विचारले असते तर ताकवा पाहून झाले असते. दुसऱ्या दिवशी सकाळी आमचे विमान. ताकवा राहिले ते राहिलेच.

म्हणून माझे म्हणणे, चार रात्री हव्यात. तेथे घड्याळापेक्षा समुद्राचे चालते.

महिना कोणता? एप्रिल-मे नको, मोठा पाऊस असतो. रमजानात दिवसा खानावळी बहुधा बंद, आणि मौलिदच्या उत्सवात बाहेरगावची माणसे लोटतात, जागा आधी धरावी लागते. हे दोन्ही दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी अलीकडे येतात, तेव्हा पंचांगासारखे पाहूनच ठरवावे. जानेवारी-फेब्रुवारी मला पसंत. त्या दिवसांत ‘कास्काझी’ हा ईशान्येचा वारा असतो. याच वाऱ्यावर अरबस्तानची आणि आपल्या पश्चिम किनाऱ्याची गलबते तिकडे जात.

मुंबईहून नैरोबी साधारण सहा तास. तेथून लहान विमान मांडा बेटावर उतरते आणि पुढे होडी. रस्त्याने जाऊ नये. २०१४ साली मुख्य भूमीवर म्पेकेटोनी येथे मोठा हल्ला झाला, म्हणून सरकारी सूचना वाचूनच तारीख धरावी. जानेवारी २०२४ पासून केनियाला व्हिसा लागत नाही, पण आगाऊ ऑनलाइन परवानगी लागते. पिवळ्या तापाची लस निदान दहा दिवस आधी घ्यावी. दाखला नसेल तर परत आल्यावर आपल्याच विमानतळावरून सहा दिवसांपर्यंत वेगळे ठेवतात. साठीपुढच्या भगिनींनी लसीचे आणि हिवतापाच्या गोळ्यांचेही डॉक्टरांना आधी विचारावे.

शाकाहाराची चिंता नको. नारळाच्या दुधातला भात आणि नारळाच्या रसातल्या तुरी! त्यांना ते ‘म्बाझी’ म्हणतात. चपातीला चपातीच म्हणतात. साडी उत्तम, पदर खांद्यावर असावा, फोटोपूर्वी विचारावे.

राहिला गुडघ्यांचा प्रश्न. आपल्या वडीलधाऱ्या सभासदांनी मला जिन्यात गाठून हळूच विचारले, “मला जमेल का गं?” खोटे सांगणार नाही. ओहोटीला धक्क्याच्या पायऱ्या शेवाळलेल्या असतात, जाऊबाईही तेथे दोनदा घसरल्या. पण भरती पाहून होडीत चढले, समुद्रकाठाजवळच्या घरात तळमजल्याची खोली घेतली, तर जमेल. मात्र एका दिवसाच्या धावपळीत त्यांना मागेच ठेवावे लागेल.

कार्यकारिणीने सिंहांचे तीन दिवस कमी करावेत, असा माझा ठराव आहे. अनुमोदन कोण देते?