बॉनेटवरचं नाव

"जीप झाली का पूर्ण?" हा प्रश्न गेल्या काही महिन्यांत इतक्या वेळा आलाय की आज सरळ त्याच्यावरच बोलतो. नाही झाली. बॉनेट अजून प्रायमरमध्ये आहे. का आहे, ते सांगतो.

नवीन ऐकणाऱ्यांसाठी थोडक्यात: माझं आजोळ माळशिरस तालुक्यात. तिथे गोठ्याशेजारच्या शेडमध्ये आजोबांची १९६८ची जीप उभी होती. सीजे-थ्री-बी. आजोबा गेले तेव्हापासून बंद. वर कडब्याच्या पेंढ्या, खाली कोंबड्या. मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये, दिवसभर स्क्रीनसमोर. हाताने काहीतरी करावं म्हणून मामांना म्हटलं, मी नीट करतो हिला. मामा म्हणाले, "कर की. पण शेड आधी रिकामं कर."

आता ही गाडी नेमकी काय आहे? दुसऱ्या महायुद्धात विलीज आणि फोर्ड या दोन अमेरिकन कंपन्यांनी मिळून सहा लाखांपेक्षा जास्त जीप बनवल्या. युद्धानंतर विलीजने तीच गाडी शेतकऱ्यांसाठी काढली, आणि महिंद्राने मुंबईत तिचे सुटे भाग आणून जोडणी सुरू केली. सीजे-थ्री-बी हे त्यातलं १९५३चं मॉडेल. तिचं बॉनेट बघा, कपाळ वर आल्यासारखं उंच दिसतं. ती फॅशन नव्हती. आत जे २.२ लिटरचं हरिकेन पेट्रोल इंजिन बसवलं, त्यात इनटेक व्हॉल्व्ह ब्लॉकमधून काढून वर हेडमध्ये नेले होते. इंजिनची उंची वाढली, ते जुन्या बॉनेटखाली मावेना. मग काय, बॉनेटच उचललं. अमेरिकेत हे मॉडेल १९६८ला बंद पडलं, आपल्याकडे मात्र त्यानंतरही बनत राहिलं.

एक गोष्ट मध्येच सांगून टाकतो, कारण यात मुलं फसतात. ऑनलाइन जाहिरात असते: "ओरिजिनल मिलिटरी विलीज, १९४४". फोटोत ग्रिलच्या उभ्या फटी मोजा. युद्धातल्या जीपला नऊ, नागरी सीजेला सात. मागे उघडणारा फाळका असेल तर ती सहसा नागरी गाडी. फोर्डने बनवलेली असेल तर कित्येक बोल्टांच्या डोक्यावर छोटा इंग्रजी एफ सापडतो. आणि ग्लोव्हबॉक्सवरच्या धातूच्या पट्ट्या बघून हुरळून जाऊ नका, त्या नव्या छापून मिळतात. मी स्वतः पुण्याच्या जुन्या बाजारात रविवारी सकाळी अशी एक "अस्सल" पट्टी घेतली. घरी येऊन जरा घासली, तर मागचा पत्रा माझ्यापेक्षा तरुण निघाला.

तर माझा प्लॅन साधा होता. गाडी कारखान्यातून निघाली तशी करायची. आपल्या भाषेत, पहिल्या कमिटला रोलबॅक. त्यात एक लालूचही होती. २०२१ पासून केंद्राचा नियम आहे: पन्नास वर्षांपेक्षा जुनी गाडी विंटेज म्हणून नोंदवता येते. नव्याने नोंदणी झाली तर नंबरात व्हीए ही अक्षरं येतात. भारी वाटतं ना? पण अट वाचा. चासी, बॉडी, इंजिन यांत मोठा बदल झालेला नको. आणि अशी गाडी रोज वापरायची नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरायला, दुरुस्तीला, एवढ्यासाठीच रस्त्यावर.

आमच्या जीपमध्ये हरिकेन इंजिन नव्हतंच. ऐंशीच्या दशकात आजोबांनी ते काढून ट्रॅक्टरचं डिझेल इंजिन बसवलं होतं. आरसी बुकात तशी नोंदही आहे. हे तेव्हा अनेकांनी केलं. पेट्रोल परवडत नव्हतं, डिझेल स्वस्त होतं, आणि ट्रॅक्टर दुरुस्त करणारा मिस्त्री गावातच होता. कंपनीनेही डिझेल जीप काढल्याच.

मी पेट्रोल इंजिन शोधायला लागलो. सहा महिने. कुर्ल्याच्या भंगारवाल्यांकडे फिरलो, दिल्लीच्या मायापुरीत फोन लावले. शेवटी एक इंजिन मिळालं. तोवर बॉडीचं काम करून घेऊ म्हणून चासीवरून बॉडी उतरवली आणि सगळा पत्रा सँडब्लास्टिंगला पाठवला. बॉनेटसकट.

इथे मी चुकलो.

तांत्रिक चूक आधी सांगतो. सँडब्लास्टिंग चासीला, पाट्यांना, जाड लोखंडाला उत्तम. बॉनेटसारख्या सपाट, पातळ पत्र्यावर जोरात वाळू मारली की पत्रा ताणतो आणि त्याला लाटा येतात. तिथे रंग काढायचं केमिकल लावून हाताने खरवडायचं असतं. वेळ जातो, पण थर दिसत जातात. मला घाई होती. तीन दिवस सुट्टी टाकली होती, सोमवारी रिलीज होता.

दुसरी चूक. बॉनेट परत आलं, चकचकीत राखाडी. मामा आले, त्यांनी डाव्या बाजूवरून हात फिरवला. पुन्हा फिरवला. मग विचारलं, "आरं, हितलं नाव कुठं गेलं?"

त्या जागी हिरव्या रंगाखाली अक्षरं होती. 'शंभू महादेव प्रसन्न'. शिखर शिंगणापूर जवळ, त्यामुळे आमच्याकडे निम्म्या गाड्यांवर हेच असतं. मला ती बोटाला लागली होती. वाटलं, कुठल्यातरी पेंटरचं काम. वरून रंग दिलाय म्हणजे कुणाला नकोच होतं.

ती माझ्या थोरल्या मामांनी काढली होती. मी त्यांना पाहिलेलं नाही. ते बाविसाव्या वर्षी गेले. घराच्या दारं-खिडक्यांचा उरलेला ऑइलपेंट घेऊन एका उन्हाळ्यात त्यांनी ते नाव काढलं होतं. ते गेल्यावर आजीला ते बघवेना, म्हणून आजोबांनी वरून हिरवा हात मारला. पण खरवडलं नाही. मुद्दाम. मामा म्हणाले, "गाडी पुसताना मी रोज हात लावायचो." एवढंच बोलले. चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं.

मी त्यांना विचारलं, आधी का नाही सांगितलं? ते म्हणाले, "तू विचारलंस व्हय?" नव्हतं विचारलं. मी बोल्टांचे फोटो काढले होते. वायरिंगचा रंगांसकट नकाशा काढला होता. चारशेवर फोटो. बॉनेटच्या डाव्या बाजूचा एकही नाही.

त्या रात्री सीटखालच्या पेटीतल्या वस्तू पुन्हा काढल्या. हत्यारांची पिशवी, एक वाकलेला पान्हा, आणि आजोबांची वही. किती किलोमीटर, किती लिटर, कुठे गेलो. १९६८ ते डिझेल बसवेपर्यंत पेट्रोलच्या नोंदी, मग पुढे डिझेलच्या. डिझेलचीच पानं जास्त आहेत. माझ्या आईच्या लग्नाचं वऱ्हाड डिझेलवर गेलंय. मला दवाखान्यातून घरी आणलं ते डिझेलवर. मी ज्या "ओरिजिनल" गाडीच्या मागे होतो, तिच्यात मी कधी बसलोच नव्हतो.

पेट्रोल इंजिन मी विकलं, थोडा तोटा खाऊन. घेणारा मुलगा खरोखर कारखान्यासारखी गाडी करतोय, आणि छान करतोय. त्याच्या गाडीचं इंजिन पार गेलं होतं, त्यामुळे त्याचं बरोबरच आहे. आमचं डिझेल इंजिन उघडून नीट केलं, नवीन रिंगा टाकल्या. विंटेजचा नाद सोडला. फिटनेस आणि आरसी नूतनीकरणाचे कागद आता रीतसर डिझेलवरच चाललेत.

राहिलं बॉनेट. पत्रा सरळ करून घेतलाय. हिरवा रंग डब्यात तयार आहे. गावातला एक पेंटर म्हणाला, "देतो की काढून, झकास." पण ते अक्षर त्याचं असेल. मामी आता जुने अल्बम काढून बसलीय. एका फोटोत जीपचा डावा कोपरा आलाय, त्यात 'प्रस' एवढंच दिसतं. 'स'ची शेपटी जरा लांब ओढलीय. तिचं म्हणणं, पाहुण्यांकडे अजून फोटो असतील. या दिवाळीला मी आणि मामा सगळ्यांकडे जाणार आहोत. जीपनेच, बॉनेट प्रायमरमध्ये असलं तरी.