सही करण्याआधी गटात बसू या

 

आजचा विषय आपल्या बैठकीच्या अजेंड्यावर कधी नसतो. गाडीने ठोकरले, हातपाय मोडला, आणि मग कुणीतरी पैसे घेऊन दारात आले. म्हणाले, "हे घ्या आणि मिटवून टाका." अशा वेळी पैसे घ्यायचे की नाही? घरातले एक सांगतात, शेजारी दुसरे सांगतात, आणि जिचा पाय मोडला तिला कुणी विचारतच नाही. आमच्या गटातल्या दोघींवर ही वेळ आली. दोघींनी उलटसुलट निर्णय घेतले आणि आमच्या मते दोघींचेही बरोबर ठरले. ते कसे, हे आज सांगतो. नावे मात्र सांगणार नाही.

पहिली ताई बेचाळीस वर्षांची. ब्लाउज शिवते, घरी एक म्हैस आहे. २०२३ च्या दिवाळीनंतर आठवडी बाजारातून येताना ती वडापमधून उतरली आणि रस्ता ओलांडताना कारने तिला उडवले. नडगीचे हाड मोडले, आत रॉड घालावा लागला. चौथ्या दिवशी कारवाल्याचे पाहुणे गावातल्या दोन मोठ्या माणसांना घेऊन दवाखान्यात आले. पंचवीस हजार रुपये आणि लिहून आणलेला स्टॅम्प पेपर. "वहिनी, पोरगं लहान आहे, त्याच्या नोकरीचा प्रश्न आहे. केस करून तुम्हाला काय मिळणार? कोर्टाच्या चपला झिजतील."

मैत्रिणींनो, त्या चौथ्या दिवशी पाय नीट होणार की नाही, हे डॉक्टरही सांगू शकत नव्हते. मग नुकसान किती झाले हे पाहुण्यांना कसे कळले? जखमेचा हिशेब पुरा होण्याआधी पैशाचा हिशेब पुरा करायचा नाही, ही पहिली गोष्ट लक्षात ठेवा. त्या कागदावर लिहिले होते, "माझी काही तक्रार नाही, सर्व भरपाई मिळाली." त्यावर सही किंवा अंगठा दिला की तोच कागद पुढे आपल्या विरोधात दाखवला जातो. उपचारासाठी कुणी माणुसकीने पैसे देत असेल आणि घ्यावेच लागले, तर पावतीवर "उपचारासाठी मदत मिळाली" एवढेच लिहा. "पूर्ण भरपाई" हे शब्द लिहू देऊ नका. आणि पोलिसांत नोंद करायची राहू देऊ नका. एफआयआर, पंचनामा आणि दवाखान्यातली एमएलसीची नोंद, या तीन कागदांवर पुढचे सगळे उभे राहते.

आता कायदा काय देतो ते बघू. रस्त्यावरच्या प्रत्येक गाडीला थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे. म्हणजे गाडीने दुसऱ्याला इजा केली तर भरपाई विमा कंपनी देते. पोराच्या नोकरीची आणि त्याच्या बापाच्या खिशाची चिंता आपण करत बसतो, पण विमा चालू असेल तर पैसे कंपनीकडून यायचे असतात. म्हणून गाडीचा नंबर आणि विम्याचा कागद आधी बघायचा. विमा नसेल तर जबाबदारी मालकावर येते. तिथे वसुली अवघड जाते, हेही खरे.

भरपाईचे दोन रस्ते आहेत. मोटार वाहन कायद्याचे कलम १६४ म्हणते की हाड मोडण्यासारखी गंभीर इजा असेल तर अडीच लाख आणि मृत्यू झाला तर पाच लाख रुपये. चूक कुणाची हे सिद्ध करावे लागत नाही. ही तरतूद १ एप्रिल २०२२ पासून लागू आहे. दुसरा रस्ता कलम १६६ चा. तिथे जिल्ह्याच्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात अर्ज करून आपले जेवढे नुकसान झाले तेवढे मागायचे. ठरलेला आकडा नाही, पण गाडीवाल्याची चूक दाखवावी लागते. आपण राहतो त्या भागातल्या न्यायाधिकरणातही हा अर्ज चालतो. कायद्यात अपघातापासून सहा महिन्यांची मुदत लिहिली आहे, म्हणून वाट बघत बसू नका. उशीर झाला असेल तरी वकिलाला विचारल्याशिवाय आशा सोडू नका.

आता नीट ऐका. कलम १६४ चे पैसे एकदा स्वीकारले की कलम १६६ चा दावा संपतो. "आधी अडीच लाख घेऊ, मग बाकीचे मागू," असे करता येत नाही. आमच्या ताईपुढे नेमका हाच प्रश्न आला. कंपनीकडून अडीच लाखांचा प्रस्ताव आला. अडीच लाख! आमच्या गटाच्या सगळ्या बचतीपेक्षा जास्त. घरात सगळे म्हणाले, घेऊन टाक.

त्या आठवड्यात आम्ही गटाची जादा बैठक घेतली आणि वहीत हिशेब मांडला. तो कसा मांडतात हे तालुक्याच्या विधी सेवा समितीतून मिळालेल्या वकीलताईंनी शिकवले. तुम्हीही कागद-पेन्सिल घ्या.

ताईची कमाई शिलाई आणि दूध मिळून महिना आठ हजार. वय चाळीस ते पन्नासमध्ये असेल आणि स्वतःचा धंदा असेल तर पुढे कमाई वाढली असती म्हणून पंचवीस टक्के धरतात. झाले दहा हजार. वर्षाचे एक लाख वीस हजार. आता कमाईची ताकद किती गेली? दाखल्यावर पूर्ण शरीराचे अपंगत्व दहा टक्के होते. पण ताई पायाने चालवायच्या मशीनवर शिवते. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये एका निकालात सांगितले आहे की नुसता दाखल्यावरचा टक्का बघायचा नाही, त्या माणसाच्या कामावर काय परिणाम झाला ते बघायचे. हात गेला तर ड्रायव्हरची जवळजवळ सगळी कमाई जाते, कारकुनाची तेवढी जात नाही. म्हणून वकीलताईंनी वीस टक्के धरले. वर्षाला चोवीस हजार. याला वयाप्रमाणे ठरलेल्या आकड्याने गुणतात. ४१ ते ४५ वयाला तो आकडा १४ आहे. गुणाकार आला तीन लाख छत्तीस हजार.

त्यात दवाखान्याची बिले एक लाख पाच हजार, सहा महिन्यांची बुडालेली कमाई अठ्ठेचाळीस हजार, आणि रॉड काढायच्या ऑपरेशनचे चाळीस हजार. एकूण पाच लाख एकोणतीस हजार. सोसलेल्या वेदना, जाण्यायेण्याचा खर्च, सांभाळायला राहिलेल्या बहिणीचा रोज, हे आणखी वेगळे. आता अडीच लाखांकडे बघा. निम्मेसुद्धा नाहीत.

पण आम्ही तिला "घेऊ नको" असे सांगितले नाही. दुसरी बाजूही मांडली. ती रस्ता ओलांडत होती, म्हणून "हिचीही चूक आहे" असे कंपनी म्हणणार. तसे ठरले तर तेवढा भाग कापला जातो. निकालाला दोन-तीन वर्षेही लागतील. आणि वीस टक्के न्यायाधीशांना पटतीलच असे नाही. हे सगळे ऐकून ती म्हणाली, "मला थांबायचंय. पण थांबेपर्यंत खाऊ काय?"

बायांनो, खरी मेख इथे आहे. गरीब बाई कमी पैशावर सही करते ती तिला हिशेब कळत नाही म्हणून नव्हे. औषधाचे पैसे उद्या द्यायचे असतात, आणि समोरच्याला ते माहीत असते. कायदा वकील सांगेल, पण थांबायची ताकद गट देऊ शकतो. आम्ही अंतर्गत कर्जातून तिला पंधरा हजार दिले, महिना एक टक्क्याने. जुन्या कर्जाचे हप्ते पुढे ढकलायचा ठराव केला. दोघींनी तिची म्हैस सांभाळली, दूध डेअरीला तिच्याच खात्यावर घातले. तिची गिऱ्हाइके तुटू नयेत म्हणून आमच्यातल्या एकीने ब्लाउज शिवून दिले.

पुढे लोकअदालतीत कंपनी साडेतीन लाखांवर आली. लोकअदालतीत कुणी आपल्यावर जबरदस्ती करू शकत नाही. पटले नाही तर प्रकरण परत न्यायाधिकरणात जाते. पण तिथे तडजोडीवर सही केली की तो निवाडा अंतिम. त्यावर अपील नाही. म्हणून ताईने त्या दिवशी सही न करता वेळ मागितला. राष्ट्रीय लोकअदालत वर्षातून साधारण चारदा भरते. पुढच्या वेळी चार लाख साठ हजारांवर तिने मान्य केले. हिशेबापेक्षा कमी का घेतले? ती म्हणाली, "रॉड आता काढायचाय, आणि चुकीचा वाद कुठं जाईल सांगता येत नाही." तिने समजून उमजून सोडले, ते सोडणे तिचे होते.

दुसरी आमची आक्का, सदुसष्ट वर्षांची. २०२४ मध्ये कारचा धक्का लागून मनगटाचे हाड मोडले. सहा आठवडे प्लास्टर, बावीस हजार खर्च, आणि हात पूर्ण बरा झाला. कायमचे अपंगत्व काही नाही. आम्ही तसाच हिशेब मांडला तर बिले, दोन महिन्यांची मजुरी आणि वेदना धरूनही आकडा लाखाच्या आत राहिला. तिला आम्ही सांगितले, "आक्का, अडीच लाख घ्या, यापेक्षा चांगले मिळायचे नाही." तिने घेतले. तोच अडीच लाखांचा आकडा. आक्कासाठी पुरेसा, ताईसाठी निम्म्याहून कमी.

काही बाया म्हणतील, आमची तर कमाईच नाही, आम्ही घरीच असतो. घरकामाला मोल आहे हे सर्वोच्च न्यायालयाने अनेकदा, २०२१ च्या एका निकालातही, सांगितले आहे. गृहिणीचीही कमाई धरून भरपाई काढतात. आणि जी कमावते तिचा पुरावा पगारपत्रकच असावा असे नाही. आमच्या ताईच्या कामी डेअरीचे दुधाचे बिलबुक आले, बँकेचे पासबुक आले आणि गटाची वही आली. दर महिन्याला बचत आणि हप्ता भरल्याची नोंद म्हणजे ही बाई कमावत होती याची साक्ष. म्हणून सचिवताई, वही कोरी ठेवू नका, तारखा घाला, सह्या घ्या.

आता वकिलाचे. महिलांना, उत्पन्न कितीही असो, मोफत कायदेशीर मदतीचा हक्क १९८७ च्या कायद्याने दिला आहे. तालुक्याच्या न्यायालयात विधी सेवा समिती असते. १५१०० या नंबरवर फोन करा. कुणी वकील म्हणाला, "मिळेल त्यातले तीस टक्के माझे," तर लक्षात ठेवा, असा टक्क्याचा ठराव करायला बार कौन्सिलच्या नियमात मनाई आहे. कोऱ्या कागदावर किंवा कोऱ्या चेकवर सही तर कुणालाच द्यायची नाही.

उपचाराच्या पैशाबद्दलही एक माहिती. २०२५ पासून केंद्राची योजना आहे. अपघातानंतर सात दिवसांपर्यंत, दीड लाखांच्या मर्यादेत, योजनेतल्या दवाखान्यात पैसे न भरता उपचार मिळतात. आमच्या ताईच्या वेळी ही सोय नव्हती. दवाखान्यात पोचल्या पोचल्या तिची चौकशी करा. सुरुवातीचे बिल डोक्यावर नसेल तर पंचवीस हजारांचा मोह कमी होतो. आणि बिले, औषधाच्या चिठ्ठ्या, एक्स-रे, डिस्चार्ज कार्ड सगळे मूळ कागद एका पिशवीत ठेवा. मूळ कागद कुणाच्या हाती द्यायचे नाहीत, द्यायची ती झेरॉक्स.

पैसे मिळाले की ते जिच्या अंगाला लागले तिच्याच नावच्या खात्यात जमा होऊ द्या. न्यायाधिकरण बऱ्याचदा काही रक्कम मुदत ठेवीत ठेवायला सांगते. त्यावर घरातले रागावतात. पण ताईचा पाय पाऊस आला की अजून ठणकतो. ते पैसे त्या पायाचे आहेत, ट्रॅक्टरच्या हप्त्याचे नाहीत.

तर येत्या बैठकीत एवढे करा. अपघातात सापडलेल्या सभासदाला तातडीचे कर्ज किती आणि कसे द्यायचे, याचा ठराव आजच वहीत लिहून ठेवा. वेळ आली की ठराव करायला उसंत नसते. १५१०० हा नंबर वहीच्या पहिल्या पानावर लिहा. आणि एक नियम सगळ्यांनी मिळून ठरवा. दारात कुणी पैसे आणि कागद घेऊन आले तर त्यांना चहा द्या, पाणी द्या, आणि सांगा, "आमच्या गटात बसून ठरवू, मग कळवू." बिछान्यावर पडलेल्या बाईला एकटीने नाही म्हणणे जड जाते. गटाचे नाव पुढे केले की ते सोपे होते.

काही विचारायचे असेल तर आपल्या गावच्या सहयोगिनीताईंकडे निरोप द्या. पुढच्या वेळी भेटू. रस्ता सांभाळून ओलांडा. रामराम.