विहिरीतला चमकता दगड

विहीर खणताना काळ्या कातळाच्या पोकळीत चमकणारे खडे निघाले, की कुणी त्यांना हिरे म्हणतं, कुणी काच. दोन्ही नव्हे. हा कातळ घडवणारा लाव्हा थंड होताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले, पुढे त्या पोकळ्यांत खनिजयुक्त पाणी झिरपलं आणि हे स्फटिक वाढले.

ओळख घरीच सुरू करता येते. काचेवर ओरखडा उमटला, तर बहुधा गारगोटी. चुऱ्यावर व्हिनेगरचे थेंब टाकताच बुडबुडे आले, तर कॅल्साइट. फिकट गुलाबी, पेंढीसारखे जुडगे दिसले, तर स्टिल्बाइट असण्याची शक्यता मोठी. मात्र हे सारं सुट्या तुकड्यावरच करा. अख्ख्या गुच्छाला हातोडी लागलेली पाहून जीव हळहळतो.

खात्रीसाठी जवळच्या महाविद्यालयातला भूविज्ञान विभाग गाठा. दगडासोबत चिठ्ठी हवीच: गाव कोणतं, किती खोलीवर, कसल्या कातळात मिळाला. जागा कळली की जाणकाराचं निम्मं काम होतं. फोटो दाखवणार असाल, तर शेजारी नाणं ठेवा, म्हणजे आकार कळेल. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात अशी खनिजं मांडलेली आहेत. तिथल्या नमुन्यांशी आपला खडा ताडून पाहता येतो.