बाळू पालवणकर : गुणाचा मान आणि माणसाचा मान



वसंतातल्या व्याख्यानांत धर्म, इतिहास, वाङ्मय हे विषय शोभून दिसतात. तेथे एका खेळाडूचे चरित्र कशाला, असे काही श्रोत्यांच्या मनात आले असेल. खेळावर पोट भरणारा खेळाडू आज नवलाचा राहिलेला नाही. अमेरिकेत बास्केटबॉल खेळणारे त्या एका खेळावर गडगंज होतात, आणि आपल्याकडे २००८ पासून क्रिकेटपटूंचे जाहीर लिलाव होऊ लागले आहेत. आम्ही ज्यांच्याविषयी बोलणार आहोत तेही खेळाच्या मजुरीवरच जगू लागले. फक्त त्यांचा पहिला पगार होता महिना तीन रुपये. त्यांचे नाव बाळू पालवणकर.

त्यांचे मूळ गाव कोकणातले पालवण. जन्म १८७५-७६ च्या सुमारास धारवाडला, चांभार कुटुंबात. वडील लष्कराच्या नोकरीत असल्याने बिऱ्हाड पुण्याला आले. गोऱ्या अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या चेंडूफळीवर बाळू व धाकटा भाऊ शिवराम खेळ शिकले. पुढे पारशांच्या एका क्लबात खेळपट्टी झाडणे आणि तिच्यावर रूळ फिरवणे हे काम बाळूंना मिळाले. १८९२ मध्ये ते युरोपियनांच्या पूना क्लबात गेले. पगार एक रुपयाने वाढला. तेथे साहेबलोकांना सरावासाठी गोलंदाजी टाकणे हेही कामात आले. डाव्या हाताची संथ फिरकी त्यांनी तेथेच घोटली. ग्रेग नावाचा मोठा फलंदाज त्यांच्यापुढे तासन् तास सराव करी, आणि बाद केल्याबद्दल दर वेळी आठ आणे देई, अशी आख्यायिका आहे. आठ आणे मिळाले असतील वा नसतील. पण त्या क्लबात बाळूंच्या हाती बॅट म्हणून कधी कोणी दिली नाही. चेंडू टाकणे हे चाकराचे काम, फटका मारणे हे धन्याचे.

पुण्याच्या हिंदू मंडळींना साहेबांचा पराभव करावयाचा होता, आणि त्यासाठी बाळूंचा हात हवा होता. पुष्कळ वाद झाल्यावर त्यांना संघात घेतले. मैदानावर बाळूंनी टाकलेला चेंडू सर्वांनी झेलावा. पण चहाची वेळ झाली की बाळूंनी पॅव्हेलियनच्या बाहेर उभे राहावे, आणि मातीच्या, पिऊन फेकून द्यावयाच्या भांड्यात चहा घ्यावा! जेवणाचे ताटही वेगळे, पंगतही वेगळी. ज्याच्याबरोबर खेळता त्याच्याबरोबर जेवावयास काय हरकत आहे, असे न्यायमूर्ती रानड्यांनी या मंडळींना सुनावले, असे सांगतात.

पुण्यात प्लेग आला त्या सुमारास बाळू मुंबईस आले. बी. बी. सी. आय. रेल्वेत नोकरी मिळाली आणि हिंदू जिमखान्याची दारेही उघडली. फेब्रुवारी १९०६ मध्ये हिंदूंनी युरोपियनांना १०९ धावांनी हरविले, त्या संघात बाळू व शिवराम दोघेही होते. १९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली हिंदी संघ विलायतेस गेला. संघ पुष्कळ सामने हरला, पण बाळूंनी त्या दौऱ्यात ११४ बळी घेतले, तेही पस्तिशीच्या वयात. प्रथम दर्जाच्या ३३ सामन्यांत एकंदर १७९ बळी, सरासरी १५.२१.

एवढा गुणी आणि अनुभवी खेळाडू असूनही हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना एकदाही मिळाले नाही. १९२० साली तर त्यांना संघातूनच वगळले, तेव्हा शिवराम आणि विठ्ठल हे दोघे भाऊ निषेध म्हणून बाहेर पडले. अखेरच्या सामन्यासाठी तडजोड होऊन बाळू उपकर्णधार झाले. कर्णधार पै यांनी सामना चालू असता मैदानाबाहेर जाऊन सूत्रे मुद्दाम त्यांच्या हाती दिली. पुढे १९२३ मध्ये विठ्ठल कर्णधार झाले. त्यांनी ‘माझे क्रीडा-जीवन’ हे आत्मचरित्रही लिहिले आहे. थोरल्या भावाने रूळ फिरवून सपाट केलेल्या वाटेवरून धाकटा पुढे गेला, असे म्हणावयास हरकत नाही.

खेळ सुटल्यावर बाळू सार्वजनिक कार्यात पडले. १९३२ च्या पुणे करारावर त्यांची सही आहे. १९३७ च्या निवडणुकीत मुंबईत काँग्रेसने त्यांना उभे केले ते डॉ. आंबेडकरांच्या विरुद्ध! तरुण आंबेडकरांना ज्या खेळाडूचा अभिमान वाटे, तोच प्रतिस्पर्धी म्हणून समोर आला. डॉक्टरांना १३,२४५ मते पडली, बाळूंना ११,२२५. जुलै १९५५ मध्ये मुंबईस बाळूंचे निधन झाले.

या लढतीकडे केवळ हारजीत म्हणून पाहू नये, असे आम्हास वाटते. त्या दोन व्यक्तींत दोन वाटा समोरासमोर उभ्या होत्या. बाळूंचे आयुष्य सांगते की गुण दाखवा, चिकाटी धरा, समाजाचे मन हळूहळू वळेल. आणि त्यांच्या बाबतीत ते वळलेही. डॉक्टरांचे म्हणणे असे की माणुसकी हा हक्क आहे, ते बक्षीस नव्हे. आम्ही बाळूंच्या चिकाटीपुढे नमस्कार करतो, पण एक प्रश्न सुटत नाही. बाळूंना फिरकी टाकता येत होती म्हणून तीस वर्षांनी का होईना, दार उघडले. ज्याला फिरकी टाकता येत नव्हती, त्याने चहा कोठे प्यावा? पूना क्लबात रूळ ओढणारे बाळूंसारखे आणखीही कोणी असतील; त्यांना पॅव्हेलियनमध्ये कोण बोलावणार होते?

आपल्या गणेशपुरीस दूरदूरचे लोक ऊन पाण्याच्या कुंडांवर येतात. अंगी काय गुण आहे हे विचारून ते पाणी ऊन होत नाही. समाजाची रीतही अशीच असावी. गुणी माणसाचे कौतुक जरूर करावे, पण माणूस म्हणून द्यावयाचा मान त्या कौतुकावर ठेवू नये. उद्या आपल्या गावच्या मैदानावर मुले खेळतील, तेव्हा जिंकून देणाऱ्या मुलाच्या पाठीवर थाप मारालच. पण खेळपट्टीवर पाणी मारणाऱ्या मुलालाही त्याच पंगतीला बसवा, एवढीच आमची विनंती आहे.